फेरिटिन ‘नॉर्मल’, तरी लोह कमी: आतड्याच्या जुन्या आजारातलं कोडं

रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन १०.२ आहे. फेरिटिन, म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा, ६८. त्याच्यासमोर लॅबने १५ ते १५० अशी मर्यादा छापलेली आहे, म्हणजे ठळक अक्षर नाही की बाण नाही. लोहाची गोळी तीन महिने रोज चालू आहे, त्या गोळीने पोट बिघडलंय आणि हिमोग्लोबिन जागचं हललेलं नाही. अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स या आतड्याच्या जुन्या आजारांच्या रुग्णांच्या फायलीत अशी पानं वारंवार सापडतात. डॉक्टर सांगतात, ‘अंगात लोह कमी आहे, शिरेतून द्यावं लागेल.’ आणि घरचे विचारतात, रिपोर्ट नॉर्मल असताना सलाईन कशाला?

फेरिटिनचा फसवा आकडा आणि न लागू पडणारी गोळी, या दोन्हींच्या मुळाशी आतड्यातली सूज असते. ती फेरिटिन फुगवते आणि गोळीतलं लोह रक्तात शिरूही देत नाही. त्यामुळे या आजारात आधी सूज किती आहे ते पाहायचं आणि मग लोहाचे आकडे वाचायचे. हा क्रम चुकला की महिनोन् महिने वाया जातात.

आधी आजार कोणता, ते

अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला जखमा होतात. क्रोन्समध्ये तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही, बहुतेकदा लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, आतड्याची पूर्ण भिंत सुजते. या दोन्हींना मिळून आयबीडी (इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज) म्हणतात. आयबीएस हे वेगळं दुखणं. त्यात पोट दुखतं, संडासच्या वेळा बिघडतात, पण अस्तराला जखम नसते आणि रक्त जात नाही. म्हणून ‘आयबीएस आहे’ असं सांगितलेल्या माणसाचं लोह कमी निघालं, तर निदान पुन्हा तपासायला हवं. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. आतड्याचा क्षयरोग हुबेहूब क्रोन्ससारखा दिसतो, आणि उपचाराची दिशा ठरण्याआधी तो आहे की नाही याचा निकाल लावावा लागतो.

हिशेब मिलिग्रॅमचा

प्रौढ माणसाच्या अंगात साधारण ३ ते ४ ग्रॅम लोह असतं. त्यातलं जवळपास दोन तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये. नव्या तांबड्या पेशी घडवायला रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागतं, पण ते जवळजवळ सगळं मोडलेल्या जुन्या पेशींमधून परत मिळतं. जेवणातून रक्तात जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम येतं, आणि निरोगी माणसाचं रोजचं नुकसानही तेवढंच असल्याने जमाखर्च जुळतो.

आता १ मिलीलीटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. हिमोग्लोबिन कमी असेल तर थोडं कमी. कोलायटिसमध्ये रोज १० मिलीलीटर, म्हणजे चहाचे दोन चमचे रक्त संडासवाटे गेलं, तरी ३ ते ५ मिलिग्रॅम लोह गेलं. महिन्याला १०० ते १५०. खाण्यातून ही तूट भरणं शक्य नाही, कारण निरोगी आतडंसुद्धा एवढं लोह रोज उचलत नाही. शिवाय भूक मेलेली असते, पथ्यपाणी चालू असतं, बायकांना पाळीतून जाणारं रक्त वेगळं. लोह मुख्यतः जठराच्या लगत असलेल्या लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून शोषलं जातं. क्रोन्स नेमका तिथे असेल, तर दारच बंद.

गोदाम भरलेलं, दुकान रिकामं

रक्त जाणं ही गोष्टीची अर्धीच बाजू झाली. दुसऱ्या बाजूला यकृतात तयार होणारं हेप्सिडिन नावाचं संप्रेरक आहे. लोहाचा साठा भरला की यकृत हेप्सिडिन सोडतं आणि आतड्याच्या पेशींतून रक्तात लोह सोडणारी दारं बंद होतात. साठा घटला की हेप्सिडिन कमी होतं, दारं उघडतात. इथवर सगळं ठीक. पण अंगात सूज असली, की साठा कितीही कमी असो, यकृत हेप्सिडिन वाढवतं. जंतूंनाही वाढायला लोह लागतं, ते त्यांच्या हाती लागू नये म्हणून शरीर लोह दडवून ठेवतं. जंतुसंसर्गात ही चाल चार दिवस कामी येते. आयबीडीत सूज वर्षानुवर्षं राहते, आणि मग हीच चाल अंगावर उलटते.

रेशनचं गोदाम डोळ्यांसमोर आणा. फेरिटिन म्हणजे गोदामातल्या पोत्यांची नोंद. ट्रान्सफेरिन हे रक्तातलं प्रथिन म्हणजे माल वाहणारे ट्रक. ते ट्रक किती टक्के भरलेत ते सांगणारा आकडा म्हणजे ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन. रेशनचं दुकान म्हणजे अस्थिमज्जा, जिथे तांबड्या पेशी घडतात. सुजेमध्ये हेप्सिडिन गोदामाला कुलूप घालतं: ट्रक रिकामे फिरतात, दुकानात खडखडाट, आणि बाहेरून नवा मालही आत येत नाही. त्यातच सुजेमुळे फेरिटिन आपोआप वाढतं, म्हणजे नोंदवहीत नसलेली पोतीही लिहिली जातात. फेरिटिन ६८ चा अर्थ इथे लागतो.

मग रिपोर्ट वाचायचा कसा?

चार गोष्टी एकत्र हव्यात: सीबीसी, फेरिटिन, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन आणि सुजेचं माप. सूज मोजायला रक्तातलं सीआरपी चालतं. शौचाच्या नमुन्यावर होणारी कॅलप्रोटेक्टिन ही तपासणी आतड्याबद्दल जास्त नेमकं सांगते. नुसतं ‘सीरम आयर्न’ पाहून काहीच ठरवू नये. तो आकडा दिवसभरात वरखाली होतो आणि सकाळी गोळी घेऊन रक्त दिलं तर खोटा वाढलेला येतो. गोळी चालू असेल तर आदल्या दिवशीची आणि त्या सकाळची चुकवून, उपाशीपोटी नमुना द्यावा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापानुसार हिमोग्लोबिन बायकांत १२ च्या खाली, पुरुषांत १३ च्या खाली आणि गर्भारपणात ११ च्या (मधल्या तीन महिन्यांत १०.५ च्या) खाली गेलं की ॲनिमिया. लोहासाठी युरोपातल्या आयबीडीतज्ज्ञांच्या संघटनेने, ईसीसीओने, २०१५ साली घालून दिलेल्या मर्यादा सोप्या आहेत. सूज नसेल तर फेरिटिन ३० च्या खाली म्हणजे लोह कमी. सूज असेल तर १०० पर्यंतचं फेरिटिनही लोहाच्या कमतरतेत बसू शकतं. फेरिटिन १०० च्या वर पण सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली असेल, तर माल गोदामात अडकलाय. अशा वेळी आधी सूज उतरवणं हाच मुख्य उपचार. फेरिटिन ३० ते १०० च्या मध्ये असेल, तर बहुतेकदा तूट आणि अडवणूक दोन्ही एकदम असतात. लॅबची छापील मर्यादा निरोगी माणसांसाठी असते. तिला आयबीडीची कल्पना नसते.

तीन ठिकाणी घोटाळा होतो. एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचा सरासरी आकार, लोह कमी असताना घटतो. पण आयबीडीवरचं ॲझाथायोप्रिन हे औषध चालू असेल किंवा बी १२ वा फोलेट कमी असेल तर तो वाढतो. दोन्ही एकदम असेल तर आकडा मधोमध नॉर्मल दिसतो. लहान आतड्याचा शेवटचा भाग शस्त्रक्रियेत काढला असेल तर बी १२ तपासायलाच हवं. सल्फासलाझिन या आयबीडीवरच्या औषधामुळे फोलेट कमी होतं, ते वेगळं. तिसरा घोटाळा थॅलेसेमिया मायनरचा, म्हणजे हिमोग्लोबिन घडण्यातल्या सौम्य आनुवंशिक दोषाचा. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा समाजांत तो जास्त आढळतो. त्यात एमसीव्ही बराच कमी, हिमोग्लोबिन थोडं कमी, पण फेरिटिन व्यवस्थित असतं. अशांना वर्षानुवर्षं लोह खाऊ घालणं चूक आहे. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी एचपीएलसी तपासणी एकदा केली की खरं काय ते कळतं. मात्र लोह फारच कमी असताना ही तपासणी थॅलेसेमिया मायनर चुकवू शकते, म्हणून शंका उरली तर लोह भरल्यावर पुन्हा करावी.

गोळी कुणाला पुरते?

आजार शांत आहे, सीआरपी नॉर्मल आहे, हिमोग्लोबिन ११ च्या वर आहे आणि गोळी पूर्वी सोसली आहे, अशा माणसाला गोळी पुरते. ती स्वस्त आहे, तिला सुई लागत नाही. तिला सरसकट वाईट ठरवायचं कारण नाही.

पाकिटावर दोन आकडे असतात, त्यातला ‘एलिमेंटल आयर्न’ हा आकडा पाहायचा. क्षाराचं वजन नाही. २०० मिलिग्रॅम सुक्या फेरस सल्फेटमध्ये प्रत्यक्ष लोह ६५ मिलिग्रॅमच्या आसपास असतं. फेरस ॲस्कॉर्बेटच्या आपल्याकडच्या पुष्कळ गोळ्यांत १०० मिलिग्रॅम. दिवसाला १०० च्या वर जायचं नाही. ‘दोन घेतल्या तर लवकर भरेल’ हा तर्क उलटा पडतो. ६० मिलिग्रॅम किंवा अधिक लोह पोटात गेलं की हेप्सिडिन वाढतं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत चढलेलं राहतं, म्हणजे पुढची गोळी बंद दारावर आपटते. झुरिकच्या संशोधकांनी २०१७ साली लोह कमी असलेल्या तरुणींमध्ये दाखवलं, की एक दिवसाआड गोळी घेतली तर प्रत्येक गोळीतून जास्त लोह शोषलं जातं. त्या तरुणींना आयबीडी नव्हता हे खरं, पण शांत आजारात, विशेषतः पोट कुरकुरत असेल तर, एक दिवसाआड हा वाजवी पर्याय आहे.

गोळी सकाळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर. हवं तर लिंबू पिळलेलं. चहा-कॉफी आणि गोळी यांच्यात दीड-दोन तासांचं अंतर ठेवा. आपल्याकडे गोळ्या हरायची सगळ्यात साधी जागा हीच, सकाळचा चहा. कॅल्शियमची गोळी (स्टेरॉइड चालू असलेल्यांना ती हमखास असते) रात्री ढकलावी. पँटोप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी औषधंही शोषण घटवतात. ती खरंच लागतात का, ते डॉक्टरांना विचारावं. सावकाश विरघळणाऱ्या किंवा आतड्यात फुटणाऱ्या आवरणाच्या गोळ्या टाळाव्यात, कारण त्या फुटतात तेव्हा लोह शोषणारा भाग मागे पडलेला असतो.

शौचाला काळं होईल. ते लोहामुळे, घाबरू नये. पण डांबरासारखं चिकट, घाण वासाचं काळं, किंवा लालभडक रक्त, हे लोहाचं काम नव्हे. चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन तपासावं. २ ग्रॅमने वाढलं तर उत्तम. १ ग्रॅमही वाढलं नसेल तर ‘अजून दोन महिने बघू’ म्हणू नये. गोळी बदलत बसण्यापेक्षा मार्ग बदलावा.

शिरेतून कधी?

आजार भडकलेला असताना, हिमोग्लोबिन १० च्या खाली असताना किंवा गोळी सोसली नसेल तर थेट शिरेतून, असं ईसीसीओ सांगते. कारण वर आलंच आहे. त्यात न शोषलेलं लोह सुजलेल्या आतड्यात पडून राहतं, ही आणखी एक भर. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याने सूज वाढलेली दिसली आहे, आणि माणसांत आतड्यातल्या जंतूंची घडी बदललेली दिसली आहे. गोळीने आजार भडकतोच असं सिद्ध झालेलं नाही. पण मळमळ, मुरडा, जुलाब किंवा बद्धकोष्ठ ही लक्षणं आजाराशी इतकी मिळतीजुळती असतात, की रुग्ण आणि डॉक्टर दोघंही गोंधळतात.

किती द्यायचं? जुनं सूत्र असं: वजन गुणिले (हवं असलेलं हिमोग्लोबिन वजा आत्ताचं) गुणिले २.४, अधिक साठ्यासाठी ५००. ६० किलो वजन, हिमोग्लोबिन ९, लक्ष्य १५ असेल तर ६० × ६ × २.४ = ८६४, अधिक ५०० म्हणजे १,३६४ मिलिग्रॅम. प्रत्यक्षात एक सोपा तक्ता वापरतात. हिमोग्लोबिन १० च्या वर पण नॉर्मलच्या खाली असेल तर ७० किलोंच्या आतल्या माणसाला १,००० मिलिग्रॅम, ७० किलो किंवा जास्त असेल तर १,५००. हिमोग्लोबिन ७ ते १० असेल तर अनुक्रमे १,५०० आणि २,०००. सर्वांत मोठी चूक इथेच होते: २०० मिलिग्रॅमच्या दोन-तीन बाटल्या घेऊन ‘झालं’ म्हणून थांबणं. अंगात १,५०० ची तूट असताना ६०० भरले तर सहा महिन्यांत पुन्हा तिथेच.

औषधं मुख्यतः तीन. आयर्न सुक्रोज स्वस्त आहे, पण एका वेळी साधारण २०० मिलिग्रॅमच देतात. म्हणजे १,५०० साठी सात-आठ फेऱ्या. फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज एका वेळी १,००० मिलिग्रॅमपर्यंत १५ मिनिटांत देता येतं, पुढचा डोस आठवड्याने. फेरिक डेरिसोमाल्टोज वजनाच्या किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंत एकाच बैठकीत बसतं. बाटली स्वस्त पडली तरी आठ खेपांचा प्रवास, बुडालेला रोज आणि शिरांची चाळण हाही खर्चच. तो धरून तुलना करा.

‘त्याने रिॲक्शन येते ना?’

ही भीती आली ती जुन्या, मोठ्या रेणूच्या आयर्न डेक्स्ट्रानमुळे. आजच्या औषधांत जीवघेणी रिॲक्शन अत्यंत विरळ आहे. तरीही लोह जिथे तातडीचे उपचार हाताशी आहेत अशाच ठिकाणी घ्यावं, आणि झाल्यावर अर्धा तास थांबावं. घरी नर्स बोलावून घेऊ नये. आधी थोडंसं टोचून पाहण्याची, म्हणजे ‘टेस्ट डोस’ची पद्धत युरोपच्या औषध नियंत्रकांनी २०१३ सालीच बाद ठरवली. तो सोसला म्हणजे पुढचा डोस सोसेलच याची खात्री नसते.

क्वचित, सुरुवातीच्या काही मिनिटांत चेहरा लाल होतो, छाती किंवा कंबर आवळल्यासारखी वाटते. रक्तदाब ठीक, अंगावर गांधी नाहीत, श्वासात घरघर नाही, तर ही ॲलर्जी नव्हे. सलाईन थांबवलं की थोड्याच वेळात ओसरतं आणि मग हळू गतीने पुन्हा सुरू करता येतं. अशा वेळी घाईने ॲलर्जीचं जुन्या पिढीतलं इंजेक्शन दिलं, तर त्यानेच रक्तदाब उतरू शकतो आणि ठपका लोहावर येतो. ‘मला लोहाची ॲलर्जी आहे’ असं फायलीवर कायमचं लिहिलं जातं, ते बऱ्याचदा असंच.

सुई शिरेबाहेर सरकली तर त्वचेवर तपकिरी डाग पडतो आणि तो वर्षानुवर्षं राहू शकतो. जळजळ किंवा फुगवटा वाटताच लगेच सांगावं, ‘थोडंच उरलंय’ म्हणून सोसू नये. ताप किंवा अंगात पू साठवणारा संसर्ग असेल तर लोह पुढे ढकलतात. गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांतही देत नाहीत.

कार्बॉक्सिमाल्टोजबद्दल एक गोष्ट पुष्कळदा सांगायची राहून जाते. त्याने रक्तातलं फॉस्फेट उतरतं. आयबीडीच्या रुग्णांतल्या एका चाचणीत हे निम्म्याच्या आसपास लोकांत दिसलं, डेरिसोमाल्टोजमध्ये दहातल्या एकाहूनही कमी जणांत. बहुतेकांना काही जाणवत नाही आणि ते आपोआप सावरतं. पण वारंवार डोस घेणाऱ्यांची हाडं मऊ पडू शकतात. लोह घेतल्यावर थकवा कमी होण्याऐवजी वाढला, हाडं-स्नायू दुखू लागले, तर फॉस्फेट आणि ड जीवनसत्त्व तपासा; आणखी लोह घेऊ नका.

बीट, गूळ, खजूर, हळीव?

खा, पण औषध म्हणून नको. १०० ग्रॅम बीटमध्ये १ मिलिग्रॅमहून कमी लोह असतं. लाल रंग लोहाचा नाही. वनस्पतीतलं लोह मुळातच कमी शोषलं जातं, त्यात हेप्सिडिनचं कुलूप. मटण, मासे, कलेजी यांतलं लोह जास्त सोपं, तरी १,५०० मिलिग्रॅमची तूट ताटातून भरत नाही. क्रोन्समध्ये आतडं अरुंद झालं असेल तर मूठभर पालेभाजीचे देठ नि बिया अडकण्याचा धोका वेगळाच.

रक्तच चढवून घेतलं तर?

हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल, धाप लागत असेल, छातीत दुखत असेल किंवा भळाभळा रक्त जात असेल तर रक्त. एका पिशवीतून साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह मिळतं, म्हणजे साठा त्यानेही भरत नाही. रक्त दिल्यावरही लोह द्यावंच लागतं.

हिमोग्लोबिन ठीक, पण अंगात त्राण नाही

साठा आधी संपतो, हिमोग्लोबिन नंतर घसरतं. मधल्या काळात थकवा, जिना चढताना दम, केस गळणं, रात्री पायांची चुळबुळ असं सगळं होऊ शकतं आणि सीबीसी मात्र स्वच्छ दिसतो. अशा वेळी फेरिटिन आणि सॅच्युरेशन मागून घ्या. तूट सापडली तर तीही भरण्याजोगी आहे.

भरल्यानंतर

शिरेतून लोह घेतल्यावर आठ आठवडे फेरिटिन तपासू नये. आकडा अवाच्या सवा येतो आणि उगाच घाबरगुंडी उडते. चौथ्या आठवड्यात फक्त हिमोग्लोबिन पाहावं. पुढे वर्षभर दर तीन महिन्यांनी सीबीसी, फेरिटिन, सॅच्युरेशन आणि सीआरपी. मग आजार शांत असेल तर सहा ते बारा महिन्यांनी. फेरिटिन १०० च्या खाली आलं किंवा हिमोग्लोबिन मर्यादेखाली घसरलं, की पुन्हा भरायचं. अगदी रिकामं होईपर्यंत थांबायचं नाही.

भरलेलं लोह तीन-चार महिन्यांतच उतरलं, तर पुढची बाटली लावण्याआधी आतड्याकडे पाहावं लागतं. डोळ्यांना रक्त दिसत नसलं तरी कुठेतरी जखम उघडी आहे. कॅलप्रोटेक्टिन, गरज पडल्यास कोलोनोस्कोपी, आणि सुजेवरची औषधं पुरी पडतात का याची फेरतपासणी, असा क्रम मग सुरू होतो.